पळसाखालच्या विहिरीचा दुसरा रकाना

१

मूर्खपणा धनीबाईचाच होता, आणि तिनं तो कधी लपवला नाही. त्रेचाळीस वर्षांत आपण काय काय गाढवपणा केला, ते तीच रंगवून सांगायची. एकदा वरणात मिठाच्या जागी चुना टाकला. एकदा रिठदच्या बाजारातून दुसऱ्याचीच बकरी आपली समजून घरापर्यंत ओढत आणली, आणि ती दावणीला उभी राहीना म्हणून वर तिलाच रागावली. ते सगळं निस्तरलं. वरण फेकलं, बकरी परत गेली. पण एप्रिल महिन्यात, भर दुपारी, चांगल्या शुद्धीवर असताना तिनं एका विहिरीला विचारलं, "तुमचं किती?" ते काही निस्तरलं नाही.

त्याचं असं झालं. साल पंचावन्न. नागपूरहून पाण्याचे साहेब आले. जीप नाल्यापर्यंत आणि पुढं पायी, असे घामाघूम होऊन तांड्यावर पोचले. त्यांना शोध घ्यायचा होता की आपल्याकडच्या काळ्या दगडात पावसाचं पाणी किती मुरतं, उन्हाळ्यात किती खाली जातं आणि उपसलं तर किती वेळात परत भरतं. त्यासाठी वीस गावं निवडली होती, पार इंझोरीपर्यंत. प्रत्येक गावात एक माणूस दर शनिवारी भर दुपारी, विहिरीवर कोणी नसताना, पाण्याची पातळी मोजणार आणि आकडा कार्डावर लिहून वाशीमला पाठवणार.

तांड्यावर लिहिता येणारी माणसं तीन. त्यातले दोघं तेव्हा ऊसतोडीला गेलेले. उरली धनीबाई. ती साक्षरतेच्या वर्गाला दोन हिवाळे गेली होती ते तिथल्या कंदिलाच्या उजेडात गोधडी शिवायला मिळते म्हणून. गोधडी अर्धीच राहिली, आकडे मात्र आले. तांड्याचा नाईक मदनसिंग म्हणाला, बाईमाणसाला हे जमायचं नाही. धनीबाई म्हणाली, "बरोबर हाये. माणसायले जमते म्हणून तर विहिरी कोरड्या पडल्या." साहेबांनी तिचंच नाव लिहून घेतलं.

मोजायची रीत सोपी होती. पितळेच्या वाटीला बुडात भोक पाडून दोरी ओवलेली, वाटी पालथी. ती हळूहळू खाली सोडायची. पाण्याला टेकली की पालथ्या वाटीतली हवा दबते आणि आवाज येतो, डुबुक. मग जराशी उचलून पुन्हा टेकवायची, पुन्हा उचलायची, खात्री झाली की काठाशी दोरी चिमटीत धरायची आणि वर ओढून गाठी मोजायच्या. दोरी रज्जाकभाईनं वळून दिली, तांड्याच्या मोटा शिवणाऱ्यानं. गाठी धनीबाईनं स्वतःच्या हातानं मारल्या, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक एक. साहेबांनी तिचा हात पट्टीनं मोजला आणि आपल्या वहीत लिहिलं: साडेसतरा इंच.

"हात बदलायचा नाही," साहेब म्हणाले. "आजारी पडलात तर मोजणी राहू द्या, पण दुसऱ्याच्या हातानं नको."

"दुसरा हात आणू कुठून, साहेब," ती म्हणाली. "हेच दोन हायेत."

साहेब हसले नाहीत. ते कशालाच हसत नसत. माणूस चांगला होता, पण हसण्याचा रकाना त्यांच्या वहीत नव्हता.

मे महिन्यात तांड्याजवळच्या तीन विहिरींपैकी एक निवडली जाणार होती. मोटा लावून ती कोरडी करायची, माणसं खाली उतरवून गाळ काढायचा, आणखी खोल न्यायची, म्हणजे तांड्याच्या बायकांना कोसभर लांबच्या झिऱ्यावरून पाणी आणावं लागणार नाही. आणि पंचक्रोशीत कुठंही विहिरीत उतरायचं म्हटलं की पहिला उतरणारा एकच, गोविंदसिंग. धनीबाईचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिच्याच कडेवर वाढलेला.

२

तीन विहिरी म्हणजे एक तांड्याची, एक नाइकाच्या वावरातली आणि एक नाल्यापलीकडे पळसाखालची. पळसाखालचीवर कोणी जात नसे. त्यात भुताखेताचं काही नव्हतं. नाला ओलांडून घागर आणायची म्हणजे पाय मोडायचं काम, एवढंच. गोल बांधकाम, काळा घडीव दगड, काठ गुडघ्याएवढा, आणि आत पाणी असं निश्चल की कोणी काच बसवून गेलं असावं.

जानेवारीपासून शनिवार चालू झाले. तांड्याची विहीर आठवड्याला दोन दोन गाठी उतरत होती. नाइकाची त्याहून वाईट. नाइकानं एकदा मधाळ आवाजात सुचवून पाहिलं की वावरातल्या विहिरीचा आकडा जरा हलक्या हातानं लिहिला तर सरकारी काम आपल्याकडे येईल. धनीबाईनं त्याला सांगितलं की हात साडेसतरा इंचाचा आहे, हलका होत नाही. खोटा आकडा तिनं एकही लिहिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचं लिहिलेलं कोणीतरी नागपुरात वाचत होतं. त्यात ती घाण करणार नव्हती.

पळसाखालची मात्र महिन्याला जेमतेम एक दोन गाठी उतरे. साहेबांचं कार्ड आलं: पाणी उत्तम, लक्ष ठेवा.

एप्रिलच्या मधल्या शनिवारी जैतुनबी तिच्यासोबत आली. रज्जाकभाईची बायको, धनीबाईची बाजारातली, लग्नकार्यातली, भांडणातली जोडीदारीण. तिला पत्रावळीसाठी पळसाची पानं पाहिजे होती. ती दहा पावलांवर पानं तोडत राहिली आणि धनीबाईनं वाटी सोडली.

"काय वं," जैतुनबीनं तिथूनच विचारलं, "दोनदा कायले टाकते? एकदा टाकून भागत नाई काय?"

धनीबाईनं एकदाच टाकली होती.

म्हातारीला एकाचे दोन ऐकू यायला लागले, असं काहीतरी ती जैतुनबीला बोलली. पण लगेच पुन्हा वाटी टेकवून तिनं दोरी तशीच धरून ठेवली आणि कान दिला. डुबुक. मग काहीच नाही. पानाला चुना लावून घडी घालायला लागतो तेवढा वेळ गेला. मग खालून, आणखी खालून, बारीक आवाज आला. डुबुक.

आता इथं मूर्खपणा. खळ्यावर धान्य वाटून घेताना आपल्याकडे एक म्हणत नाहीत, पहिल्या मापाला लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. मोजणारा मोठ्यानं म्हणतो, समोरचा वाटेकरी तेच परत म्हणतो, म्हणजे कोणी चुकत नाही. शेवटी मोजणारा विचारतो, आमचं इतकं, तुमचं किती? धनीबाई वीस वर्षं खळ्यावर मापं टाकत आली होती. विहिरीच्या गाठीही ती तशाच मोजायची. साहेबांनी दोनदा सांगूनही जिभेवर एक येत नसे.

तिनं दोरी ओढली आणि सवयीनं मोठ्यानं मोजली. "लाभ, दोन, तीन, चार..." बावीसला वाटी हातात आली. समोर कोणी वाटेकरी बसलेला असावा तशी ती वाकून म्हणाली, "आमचं बावीस. तुमचं किती?"

जैतुनबी हसून हसून खाली बसली. विहीर गप्प होती. धनीबाईनं दोरी गुंडाळली आणि दोघी घरी आल्या.

३

पुढच्या शनिवारी ती एकटी होती.

आठवडाभर तिनं त्या आवाजाला घरच्या घरी निकालात काढलं होतं. घुमारा असतो. विहिरीत हाक मारली की परत येते, तसाच आवाज परत येतो. हे साहेबांनीही सांगितलं होतं: पाणी जितकं खोल, तितका घुमारा उशिरा. ठीक आहे. मग मोजायला काय हरकत? ज्याची भीती वाटते त्याची मोजणी करावी, हे ती साहेबांकडूनच शिकली होती. तसं पाहिलं तर तिला भीती वाटत नव्हती. फक्त चप्पल काढून काठाशी बसायच्या ऐवजी ती चप्पल घालूनच बसली.

डुबुक. तिनं मनात मापं टाकायला सुरुवात केली. लाभ, दोन, तीन. नऊला आलं. डुबुक.

गाठी बावीसच. कार्डावर तिनं बावीस लिहिलं. आपल्या नोंदीच्या वहीत बावीसच्या बाजूला एक रेघ मारून नवा रकाना केला आणि त्यात नऊ लिहिलं. रकान्याला नाव दिलं नाही. काय देणार?

त्याच्या पुढच्या शनिवारी पाणी एक गाठ उतरलं होतं, तेवीस. खोल गेलं म्हणजे घुमारा उशिरा यायला पाहिजे. दहा. निदान नऊ. तिनं वाटी टेकवली आणि मापं टाकली.

सातला आलं.

ती काठाशी बसून राहिली. पळसावर होला घुमत होता. कासव असंन, तिनं स्वतःला सांगितलं. जुन्या विहिरीत कासव असतंच. पण कासव आपली वाटी वाजायची वाट पाहत बसंन काय? बेंडूक. बेंडूक तर बाई दिवसभर उड्या मारते, एकच कायले मारंन. बांधकामातून खडा सुटला असंन. दर शनिवारी? असं एकेक कारण ती स्वतःच पुढं करायची आणि स्वतःच परत पाठवायची, एखादं स्थळ परत पाठवावं तसं.

तेवीसच्या बाजूला तिनं सात लिहिलं. घरी जाताना नाला ओलांडला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मागं न पाहता चालतो आहोत, आणि त्यासाठी मान आखडून धरली आहे. याचं तिला हसू आलं. मान मात्र तशीच राहिली.

४

खरंखोटं करायचा एक मार्ग होता.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिनं वाटीला फडकं बांधलं. जुन्या ओढणीचं, दोन पदरी, घट्ट. अशी वाटी पाण्याला टेकली तर आवाज होत नाही. घरी हंड्यात चारदा करून पाहिलं होतं. आवाजच नाही तर घुमारा कशाचा येणार? आला नाही तर घुमारा खरा, आणि धनीबाई येडी. तिला येडी ठरायची फार इच्छा होती.

आधी तिनं साधी मोजणी उरकली, कारण कार्ड पाठवायचंच होतं. तेवीस. मग फडकं बांधून वाटी सोडली. दोरी सैल पडली तेव्हाच कळलं की पाणी आलं. आवाज शून्य. पळसावरचा होलाही गप्प होता. ऊन डोक्यावर, पाण्यात सूर्याचा एक पांढरा ठिपका.

लाभ. दोन. तीन. चार.

डुबुक.

स्वच्छ, पितळेचा. फडकं न बांधलेला.

धनीबाईनं दोरी हलू दिली नाही. मग तो आवाज पुन्हा आला. जरा थांबून पुन्हा. टेकवली, उचलली, टेकवली, उचलली. ही रीत तिला माहीत होती. हीच रीत साहेबांनी शिकवली होती. खात्री करून घ्यायची रीत.

फडकं बांधल्यामुळे आपला आवाज गेला नाही, म्हणून तिकडे कोणाला तरी शंका आली होती.

तिनं गाठी मोजल्या नाहीत, दोरी गुंडाळली नाही, तशीच कवेत गोळा करून घरी आणली. संध्याकाळी चुलीपुढं बसून वहीत लिहिलं: चार. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. एकेक रेघ तिनं सावकाश ओढली होती.

नऊ, सात, चार. खळ्यावरची कोणतीही बाई हे वाचू शकली असती. जे काही होतं ते जवळ येत होतं.

५

बुधवारी साहेबांचं कार्ड आलं. आठ ओळी, सुंदर अक्षर. धनीबाईंच्या अचूक नोंदींवरून पळसाखालची विहीर निवडण्यात आली आहे. रविवारी साहेब येतील, सोमवारी उपसा सुरू होईल. तोपर्यंत ग्रामसेवकानं विहिरीत लाल दवा टाकून ठेवावी, म्हणजे पटकीचं भय नको. उतरणारी माणसं तयार ठेवावीत.

अचूक नोंदींवरून. ते दोन शब्द तिनं बोटानं पुसून पाहिले. कित्येक आठवडे ती असल्याच दोन शब्दांची वाट पाहत होती.

गोविंदसिंग अंगणात दोर तपासत बसला होता. दोन्ही हात पसरून वावभर दोर घ्यायचा, पीळ उलटा करून पाहायचा, पुढं सरकायचं. त्याची बायको भुरीबाई दोन घागरी घेऊन झिऱ्यावरून नुकतीच आली होती आणि भिंतीला टेकून धापा टाकत होती. सातवा महिना.

"तू नको उतरू," धनीबाई म्हणाली.

"काहून?"

"खाली कोणीतरी हाये."

"कोण हाये?"

"मोजणारा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, ती हसेल म्हणून वाट पाहिली. ती आयुष्यभर लोकांना हसवत आली होती, त्यामुळे तिचं खरं कोणाला खरं वाटत नसे. ही तिच्या मूर्खपणाच्या यादीतली सगळ्यात मोठी रक्कम, हे तिला त्या क्षणी कळलं. तिनं वही पुढं केली, नऊ, सात, चार दाखवलं, फडक्याचं सांगितलं. तो हसायला लागला, थांबला, पुन्हा हसला.

"मंग तर बरंच झालं, बाई," तो म्हणाला. "खाली कोणी आधीच हाये म्हणजे मले गाळ भरायले मदत होईन." मग भुरीबाईकडे मानेनं खूण करून तो आवाज उतरवून म्हणाला, "तिले पाह्य. अजून दोन महिने ते तठून पाणी आणंन काय? मी चाळीस विहिरीत उतरलो. मले काही झालं काय?"

धनीबाईनं वही मिटली. भुरीबाईच्या पायावर सूज होती.

रात्री धनीबाईनं वही उघडली आणि पेन्सिल ओली केली. एवढंच लिहायचं होतं: पळसाखालची, एकोणतीस हात. एका आठवड्यात सहा गाठी उतरली म्हटल्यावर साहेब त्या विहिरीवर काट मारणार आणि तांड्याचीच खोल करणार. एक आकडा. नाइकाला नाही म्हटलेला आकडा, पण भावासाठी. तिनं दोनचा आकडा काढला सुद्धा.

मग खोडून टाकला. एक खोटा लिहिला की मागचे सगळे खोटे होतात, नऊ, सात, चारही खोटे होतात, आणि मग त्या विहिरीबद्दल खरं सांगायला जगात एकही कागद उरत नाही. साहेब पट्टी घेऊन मोजतील, तेवीस चोवीस भरेल, आणि गोविंदसिंग उतरेल.

खोटं लिहायचं नाही तर पुरतं खरं लिहायला पाहिजे. आणि पुरतं खरं लिहायला पाहायला पाहिजे. एवढं ठरल्यावर तिला झोप लागली. चांगली लागली, याचं तिलाच नवल वाटलं.

६

शनिवारी दुपारी ती पळसाखाली पोचली तेव्हा सूर्य बरोबर विहिरीवर होता. ग्रामसेवकानं आदल्या दिवशी दवा टाकली होती. पाणी पातळ जांभळट लाल झालं होतं, आणि उन्हाचा खांब सरळ त्यात उतरला होता. एरवी काळ्या पाण्यात काही दिसत नसे. आज पाचसहा हात खोलवरचा दगडाचा सांधाही दिसत होता.

आधी काम. तिनं वाटी टेकवली. डुबुक, आणि लाभ म्हणायला तोंड उघडलं तोच दुसरा आवाज. गाठी चोवीस. दुसऱ्या रकान्यात तिनं लिहिलं, लाभ.

मग ती काठावर पालथी झोपली. ओढणी कमरेला खोचली, दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून मुठीत धरलं आणि डोकं आत घालून पाहत राहिली. वाटी तिनं टाकली नाही. ती वाट पाहत होती. दगड पोटाला भाजत होता.

पाण्यावर गोल उमटला.

वरून काही पडलं नव्हतं. गोल खालून आला होता. त्याच्या मधोमध पाण्याला खालून काहीतरी पिवळं, गोल टेकलेलं होतं. वाटीच होती ती, उताणी, परातीएवढी. ती टेकली, खाली गेली, पुन्हा टेकली. खात्री झाली असावी, कारण मग ती तिथंच स्थिर राहिली.

तिच्या बुडातून दोरी निघाली होती, आणि ती सरळ खाली गेली होती, ताठ. आपली दोरी वरून ताठ असते तशी.

दोरीला गाठी होत्या. एक वाटीजवळ दिसत होती. दुसरी खाली, लाल धुक्यात, नीट पाहिली तर दिसत होती. तिसरी दिसत नव्हती.

धनीबाईच्या मनात आलेला विचार तिलाच पुढं कधी पटला नाही. पळावं हा विचार नव्हता. तिला वाटलं, ह्याचा हात केवढा, ते लिहायला पाहिजे.

तिनं आपली वाटी हळूच सोडली, त्या दोरीच्या बाजूनं, वीतभर अंतर ठेवून, आणि पाण्यात बुडू दिली. आपली वाटी त्या दुसऱ्या गाठीच्या बरोबरीला येईपर्यंत दोरी सोडली. मग पहिल्या गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत आपल्या किती गाठी आल्या त्या डोळ्यांनी मोजल्या. लाभ, दोन, तीन, चार, पाच.

तेवढ्यात तिची दोरी कोणीतरी धरली.

ओढली नाही. झटका नाही, जोर नाही. आपण काठाशी दोरी चिमटीत धरतो, तशी कोणीतरी खाली चिमटीत धरली. मग मुठीत एक बारीक थरथर आली. थांबली. पुन्हा आली, जरा वरून. दोरीवर राहून राहून बोटं फिरली की अशी थरथर येते, हे वाख वळणाऱ्याला माहीत असतं. वाटीपासूनची पहिली गाठ. दुसरी. तिसरी.

कोणीतरी तिच्या गाठी मोजत होतं.

चौथी.

पाचवी गाठ पाण्याच्या अगदी खाली होती. सहावी पाण्याच्या वर होती, कोरडी.

धनीबाईनं सहाव्या गाठीकडे पाहिलं नाही. तिनं मनगटाचा वेढा सोडवला आणि मूठ उघडली.

७

रविवारी साहेब आले. नाइकाच्या दारात निंबाखाली बाज टाकली होती. मदनसिंग होता, गोविंदसिंग खांद्यावर दोर घेऊन होता, रज्जाकभाई नव्या मोटेला शेवटचे टाके घालत होता आणि जैतुनबी त्याला सुई ओवून देत होती. दारात भुरीबाई उभी होती. धनीबाईनं सगळ्यांदेखत सांगायचं ठरवलं होतं. एकट्या साहेबांना सांगितलं असतं तर भाऊ म्हणाला असता, मागून कारस्थान केलं.

तिनं आधी गुन्हा कबूल केला. सरकारी वाटी आणि दोरी तिनं पळसाखालच्या विहिरीत टाकली, म्हणजे सोडली. मग मूर्खपणा कबूल केला, तुमचं किती म्हणून विचारल्याचा. मग घुमाऱ्यापासून सहाव्या गाठीपर्यंत सगळं सांगितलं, मध्ये न थांबता, एकही विनोद न करता. पहिल्यांदा नाईक हसला. मग बाकीचे. गोविंदसिंगनं मान खाली घातली, बहिणीची लाज वाटून. हसली नाही एक जैतुनबी. ती एवढंच म्हणाली की दोनदा वाजलं होतं, मी ऐकलं, आणि पुन्हा सुई ओवायला लागली. दोरा भोकात जाईना.

"वही," साहेब म्हणाले.

त्यांनी पहिला रकाना वाचला. दुसरा वाचला. नऊ, सात, चार, लाभ. त्याच्याखाली वेगळा लिहिलेला पाच. त्यावर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं. मग त्यांनी चामड्याची पिशवी उघडली आणि दुसरी एक वही काढली, इंझोरीची. तिच्यावर पाण्याचा डाग पडून कोपरे फुगले होते. एक पान उलटलं, आणखी एक उलटलं, वाचलं, मिटली. बाजेवर ठेवली, उताणी नाही, पालथी.

मग निवडीच्या कागदावर त्यांनी पळसाखालच्या विहिरीवर सरळ एक रेघ मारली आणि त्याखाली लिहिलं, तांड्याची.

"उद्या तांड्याच्या विहिरीवर या," ते गोविंदसिंगला म्हणाले. "दोन मोटा. दगड लागला तर सुरुंगाची परवानगी मी आणतो. पळसाखालच्या विहिरीचं तोंड परवापर्यंत बुजवून घ्या. दिवसा. वाकून कोणी पाहायचं नाही."

हसणं केव्हाच थांबलं होतं. नाइकानं विचारलं की कारण काय लिहिणार. साहेब म्हणाले, नोंद अपुरी. गोविंदसिंगच्या खांद्यावरचा दोर घसरून खाली पडला. तो त्यानं उचलला नाही. तो बहिणीकडे पाहत होता, लहानपणी अंधारात पाहायचा तसा.

धनीबाई आता कुठं खाली बसली. भाऊ उतरणार नव्हता. तिला एकदम हलकं वाटलं आणि हलकं वाटलं की तिच्या जिभेला चैन पडत नसे.

"साहेब," ती म्हणाली, "कागदावर नोंद अपुरी कायले लिहिता? धनीबाई येडी झाली असं लिहा ना. म्या कुठी नाई म्हटलं?"

साहेबांनी वर पाहिलं नाही. ते पाचच्या बाजूला पेन्सिलीनं साडेसतरा मांडून गुणाकार करत होते.

"त्याला रकाना नाही, बाई," ते म्हणाले. "साडेसत्त्याऐंशी इंच. हात इंझोरीलाही तेवढाच भरला."